लाल थेंब, तपकिरी दात

गेल्या अंकात दातेरी बुरशांवर, म्हणजे टोपीखाली बारीक सुळे लोंबणाऱ्या बुरशांवर, अर्धं पान लिहिलं आणि सोबत एक फोटो छापला: पांढऱ्या गादीवर लाल थेंब. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रं त्या थेंबांबद्दलच आहेत. दातांबद्दल विचारणारे मोजकेच. वाळलेल्या बुरशांचे नमुने लावण्यात, उघडण्यात आणि पुन्हा लावण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. त्या कागदी पाकिटांपर्यंत थेंब कधी पोचतच नाहीत, दात पोचतात. तेव्हा माझा कल कुठे आहे, हे आधीच सांगून टाकते.

प्रश्न : तुम्ही छापलेला फोटो आमच्या घरच्या ग्रुपवरही फिरतो आहे. मुलगा म्हणतो, कॉम्प्युटरवर बनवलेला आहे. अशी बुरशी खरंच असते का? आणि ते रक्त कसलं?

असते. तिचं नाव हिडनेलम पेकाय. उत्तर अमेरिकेत आणि युरोपात, मुख्यतः पाइन-स्प्रूससारख्या सूचिपर्णी झाडांखाली, जमिनीवर उगवते. इराण आणि कोरियातही तिची नोंद झाली आहे. टोपी फार तर दहा सेंटिमीटर रुंद, वरून मखमली, उंचसखल, कोवळी असताना पांढरी. त्या पांढऱ्यावर गडद लाल, चिकटसर थेंब उभे राहतात. इंग्रजीत तिला रक्ताळलेल्या दातापासून सैतानाच्या दातापर्यंत काहीही म्हणतात. एका नावात तर स्ट्रॉबेरी आणि सायही आहे. ही नावं मला फारशी आवडत नाहीत, पण लोकांच्या लक्षात राहतात तीच.

रक्ताचा मात्र काही संबंध नाही. सकाळी गवताच्या पात्यांच्या टोकांवर पाण्याचे थेंब दिसतात ना? त्यांतले सगळेच दवाचे नसतात. मुळांनी रात्रभर ओढलेलं पाणी पात्यात मावत नाही, म्हणून ते टोकातून बाहेर येतं. बुरशीचंही साधारण तसंच. माती ओली असली की बुरशीचे जमिनीतले तंतू पाणी घेतात, आत दाब वाढतो, आणि जमिनीवर जोमाने वाढणाऱ्या कोवळ्या टोपीच्या पृष्ठभागावर थेंब येतात. फरक इतकाच, की हे पाणी येताना रंग घेऊन येतं.

मुलाला आणखी एक सांगा. हा देखावा बालपणापुरता असतो. हीच बुरशी म्हातारी झाली की थेंब जातात, पांढरा रंग जातो, आणि उरते एक तपकिरी, लाकडी, मळकट चकती. त्या वयातला तिचा फोटो कुणी कुणाला पाठवत नाही. आणि लाल थेंब ही काही पेकायची एकटीची मिरासदारी नव्हे. तिची बहीण हिडनेलम फेरुजिनियम हिच्या कोवळ्या टोपीवरही तसेच थेंब येतात. नुसते थेंब पाहून नाव सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, मग ती मी का असेना.

प्रश्न : मी आठवीत आहे. एका फोटोत पाइनच्या झाडाची सुईसारखी पानं बुरशीच्या टोपीतून आरपार गेलेली दिसली. ती वरून पडून घुसली का?

या महिन्यातला माझा सगळ्यात लाडका प्रश्न. उत्तर असं, की सुया घुसल्या नाहीत, बुरशीच त्यांच्याभोवती वाढली.

नेहमीची छत्रीची अळिंबी आठव. तिचा दांडा, टोपी, खालच्या पट्ट्या हे सगळं इवल्याशा गोळ्यात आधीच तयार असतं. पाऊस पडला की तो गोळा पाणी पिऊन फुगतो आणि उघडतो, म्हणून ती एका रात्रीत उगवल्यासारखी वाटते. मोठी होताना ती वाटेतला कचरा डोक्यावर घेऊन उठते किंवा बाजूला सारते. हिडनेलमचं तसं नाही. तिच्या टोपीची कड सावकाश, तंतूंच्या टोकांनी, बाहेर बाहेर सरकत राहते. वाटेत काडी आली, गवताचं पातं आलं, शेवाळ आलं, तर ते ढकलण्याची ताकदही नसते आणि घाईही नसते. तंतू त्याच्या दोन्ही अंगांनी पुढे जातात, पलीकडे पुन्हा भेटतात, आणि काडी आत कायमची अडकते. जिवंत गवत तसंच टोपीतून वर आलेलं दिसतं.

शेजारीशेजारी दोन टोप्या वाढत असल्या तर त्यासुद्धा एकमेकींत मिसळून एक होतात. हिडनेलम कॉन्क्रेसेन्स या जातीच्या नावाचा अर्थच ‘एकत्र वाढणारी’ असा आहे. तिच्या टोपीवर एकात एक वर्तुळं दिसतात. कड कशी टप्प्याटप्प्याने पुढे सरकली, ते त्यांवरून कळतं.

माझ्याकडे एक पाकीट होतं. त्यातल्या तळहाताएवढ्या तुकड्यात पाइनच्या तीन सुया, शेवाळाची एक काडी आणि सालीचा एक कपचा इतका ऐवज होता. नवशिकी असताना मी नमुना ‘स्वच्छ’ करायला म्हणून त्यातली एक सुई चिमट्याने ओढली. सुई आली नाही, बुरशीचा तुकडा मोडून आला. पाकिटावर मी प्रामाणिकपणे ‘नमुना खंडित’ असं लिहिलं. कोणी केला, ते लिहिलं नाही.

प्रश्न : सिंहाच्या आयाळीसारखी लोंबणारी पांढरी बुरशी दातेरी असते असं वाचलं. ती आणि हिडनेलम एकाच कुळातल्या ना?

नाहीत, आणि दूरच्याही नाहीत म्हटलं तरी चालेल. तुमच्यासारखाच घोटाळा शास्त्रज्ञांनी शंभर-दीडशे वर्षं केला, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका.

सजीवांना नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनिअसने १७५३ साली खाली दात असलेल्या बुरशांना हिडनम या एकाच नावाखाली घातलं. १८२१पासून स्वीडनच्या एलियास फ्रीसने बुरशांची जी घडी बसवली, तीही खालचा भाग पाहूनच: पट्ट्या असल्या तर एक गट, छिद्रं असली तर दुसरा, दात असले तर तिसरा. सोय उत्तम होती. पण आपण सगळे चष्मेवाले एका घराण्यातले मानावेत, तशातली ती सोय.

बुरशीला हवं असतं ते थोड्या जागेत जास्तीत जास्त पृष्ठभाग, कारण त्या पृष्ठभागावरच बीजाणू, म्हणजे बुरशीचं बियाणं, तयार होतात. सपाट छताखाली हजारभर बारीक सुळे टांगले की तेवढ्याच टोपीत पृष्ठभाग कितीतरी वाढतो. सुळे सरळ खाली लोंबावे लागतात. कारण बीजाणू बाजूला अगदी थोडासा उडतो आणि मग दोन सुळ्यांमधल्या फटीतून खाली पडतो. सुळे तिरके असले तर तो शेजारच्या सुळ्यावर आपटून तिथेच चिकटेल. ही युक्ती बुरशांना एकदा नव्हे, अनेकदा, वेगवेगळ्या घराण्यांत सुचली आहे. आयाळवाली हेरिशियम ही रुसुला नावाच्या पट्टीवाल्या अळिंब्यांच्या गणातली (गण म्हणजे अनेक कुळांचा मिळून झालेला मोठा गट). खुद्द हिडनम हे कँथरेल नावाच्या अळिंबीच्या गणातलं. स्युडोहिडनम नावाची एक थुलथुलीत, जेलीसारखी पारदर्शक बुरशी आहे, तिलाही दात आहेत आणि तिचा गण या सगळ्यांहून निराळा. हिडनेलम थेलेफोरा गणातली. त्या गणात बुरशांचे आकार इतके परस्परविरोधी आहेत, की त्यांच्यात साम्य शोधायला सूक्ष्मदर्शकच लागतो.

प्रश्न : हिडनेलम आणि पेकाय या नावांचे अर्थ काय? प्रजाती आणि जाती यांतला फरकही सोप्या शब्दांत सांगाल का?

प्रजाती म्हणजे आडनाव, जाती म्हणजे त्या घरातलं माणूस. हिडनेलम आडनाव, पेकाय नाव.

‘हिडनॉन’ या ग्रीक शब्दावरून हिडनम आलं, आणि हिडनेलम म्हणजे छोटं हिडनम. हे आडनाव फिनलंडच्या पेटर अडॉल्फ कार्स्टेनने १८७९ साली दिलं. पेकाय हे नाव चार्ल्स हॉर्टन पेक यांच्यावरून आलं. हे गृहस्थ न्यूयॉर्क राज्याचे वनस्पतितज्ज्ञ होते आणि अडीच हजारांहून अधिक बुरशांना त्यांनी नावं दिली. ही एक मात्र त्यांना मिळाली, त्यांनी दिली नाही. १९१३ साली हॉवर्ड जेम्स बँकर यांनी तिचं वर्णन छापलं आणि पेक यांचं नाव तिला दिलं. बँकर यांनी त्याच वर्षी आणखी एका जातीला ‘डायबोलस’, म्हणजे सैतान, असं नाव दिलं होतं. पुढे ती पेकायच ठरली. एका बुरशीला सज्जन सरकारी अधिकारी आणि सैतान ही दोन्ही नावं एकाच माणसाने द्यावीत, याची मला अजून गंमत वाटते.

बाकी घरातली माणसं नावासारखीच. ऑरँटियाकम नारिंगी. सेरुलियमच्या कोवळ्या टोपीवर निळसर झाक असते. सुआव्हिओलेन्स म्हणजे सुवासिक, तिला बडीशेपेच्या जवळ जाणारा वास येतो. ही या प्रजातीची नमुनाजाती, म्हणजे आडनाव ज्या माणसाला कायमचं बांधलेलं असतं ते माणूस.

प्रश्न : खाता येते का?

विषारी म्हणून तिची ख्याती नाही. पण बूच चावायचं असेल, आणि तेही जहाल तिखट-कडू, तरच विचार करा. जंगलातली कोणतीही बुरशी फोटोवरून ओळखून तोंडात घालू नये, हे या सदरात मी किती वेळा लिहिलं ते आता मोजत नाही.

प्रश्न : या बुरशीचा रस रक्त पातळ करतो, हृदयरोग्यांनी घ्यावा, असा मजकूर मला आला. वडिलांना रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत. पर्याय म्हणून विचार करावा का?

नाही. गोळ्यांमध्ये काही बदल करायचा असेल तर तो त्यांचे डॉक्टर करतील.

त्या मजकुरात खऱ्याचा एक कण आहे, म्हणूनच तो धोक्याचा. हिडनेलम पेकायच्या अंगात अॅट्रोमेंटिन नावाचं रंगद्रव्य सापडतं. हेपॅरिन हे रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं औषध तुम्हाला माहीत असेल. प्रयोगशाळेत अॅट्रोमेंटिनचा त्याच्यासारखा परिणाम दिसला आहे. न्यूमोनियाच्या एका जिवाणूतलं महत्त्वाचं विकर (एन्झाइम) ते रोखतं, असंही आढळलं आहे. इथपर्यंत खरं. पण काचेच्या नळीतला परिणाम आणि वडिलांच्या पोटातला परिणाम यांच्यामध्ये मात्रा, शुद्धता, विषारीपणाच्या चाचण्या असा मोठा पल्ला असतो, आणि तो पल्ला या बुरशीने गाठलेला नाही. शिवाय अॅट्रोमेंटिन हे तिचं एकटीचं नाहीच. ते नाव दुसऱ्याच, मखमली दांड्याच्या एका पट्टीवाल्या बुरशीवरून पडलं. लाल थेंब आणि रक्ताचं औषध ही जोडी ऐकायला फार छान लागते, म्हणून तो मजकूर फिरतो. थेंब पांढरे असते तर तो तुमच्यापर्यंत पोचला नसता.

प्रश्न : आयाळवाली बुरशी पिशवीत वाढवतात. तशी ही कुंडीत वाढवता येईल का?

नाही येणार. आयाळवाली मेलेलं लाकूड खाते, तिला भुसा दिला की काम भागतं. हिडनेलमचा संसार जिवंत झाडाच्या मुळांशी जडलेला असतो. तिचे तंतू बारीक मुळांना वेढतात, मातीतलं पाणी आणि क्षार झाडाला देतात, आणि झाड तिला साखर देतं. कुंडीत तुम्हाला आधी झाड, मग ती माती, मग बरीच वर्षं आणावी लागतील.

जमिनीखालचा तिचा पसारा वरच्या चकतीपेक्षा कितीतरी मोठा असतो. फेरुजिनियमचे तंतू तर इतके दाट विणले जातात, की मातीचा पोतच बदलतो: वरचा कुजट थर पातळ होतो, आम्लता कमी होते, माती कोरडी पडते. पेकायला आणखी एक सवय आहे, मातीतलं सीझियम गोळा करण्याची. १९८६च्या चेर्नोबिल अपघातानंतर किरणोत्सारी सीझियम-१३७ युरोपभर पसरलं. स्वीडनमधल्या एका अभ्यासात जमिनीच्या वरच्या दहा सेंटिमीटरमधल्या एकूण सीझियमपैकी सुमारे ९ टक्के बुरशीच्या तंतुजालात सापडलं. या सीझियमला निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात. असला पाहुणा कुंडीत नसलेलाच बरा.

प्रश्न : मी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी आहे. हिडनेलम, सारकोडॉन आणि फेलोडॉन यांत माझा कायम गोंधळ होतो. तिन्हींना टोपी, दांडा आणि दात. तुम्ही कशा ओळखता?

चुकत चुकत. एक चूक सविस्तर सांगते, म्हणजे तुझी वाचेल.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझ्यापुढे एक नमुना आला: काळपट तपकिरी, बुचासारखा, दोन टोप्या जुळलेल्या, एक काडी गिळलेली. काडी दिसली आणि मी खूश झाले. पाकिटावर ‘हिडनेलम’ लिहिलं, कपाटात सारलं. अकरा वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी तो कप्पा उघडला, तर मेथीचा वास. आधी वाटलं, कुणाचा तरी डबा इथे राहिला. मग एकेक पाकीट नाकाशी धरत गेले, आणि माझ्याच अक्षरातलं ते पाकीट सापडलं.

वाळल्यावर मेथीसारखा वास येणं ही फेलोडॉनची खूण. आडवेतिडवे वाढून काड्या गिळणं त्यालाही जमतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं असं नाही, मी फक्त विसरले होते. दाताचा एक तुकडा काचपट्टीवर घेतला: बीजाणू रंगहीन, बारीक काटेरी. हिडनेलमचे बीजाणू तपकिरी आणि ओबडधोबड गाठींचे असतात. बीजाणू पाहायला जेमतेम पाच मिनिटं लागतात. ती मी अकरा वर्षांपूर्वी दिली नव्हती.

तेव्हा पहिली पायरी बीजाणूंचा रंग. ताजी बुरशी असेल तर दात खाली करून कागदावर रात्रभर ठेव, वर वाटी पालथी घाल. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा घे, म्हणजे पांढरे बीजाणूही दिसतील. पांढरी भुकटी पडली तर फेलोडॉन, तपकिरी पडली तर बाकीच्या दोघांपैकी एक.

त्या दोघांचा निकाल मात्र अलीकडे बदलला आहे, आणि तुझ्या पाठ्यपुस्तकात बहुधा जुनाच असेल. आम्ही शिकलो तेव्हा सरळ होतं: मांसल आणि ठिसूळ ते सारकोडॉन, बुचासारखं चिवट ते हिडनेलम. २०१९ साली डीएनए तपासून या दोन प्रजातींच्या सीमा पुन्हा आखल्या गेल्या, तेव्हा सारकोडॉनमधल्या बऱ्याच मांसल जाती प्रत्यक्षात हिडनेलमच्या घरातल्या निघाल्या. सारकोडॉन स्कॅब्रोसस आता हिडनेलम स्कॅब्रोसम झाली. म्हणजे अंगठ्याने दाबून पाहण्याची आमची परीक्षा निकालात निघाली. आता बीजाणूची लांबी मोजायची: सात मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत असली तर हिडनेलम, त्याहून जास्त असली तर सारकोडॉन. पेकायचे बीजाणू पाचेक मायक्रॉनचे, म्हणजे एका मिलिमीटरच्या ओळीत दोनशे बसतील. मायक्रोमीटरची पट्टी बसवलेला सूक्ष्मदर्शक नसेल तर पाकिटावर फक्त ‘दातेरी, बीजाणू तपकिरी’ लिही आणि थांब. अपुऱ्या नावाच्या पाकिटाने माझा कधी घात केला नाही. चुकीच्या नावाच्या पाकिटाने केला आहे.

प्रश्न : या बुरशा नाहीशा होत चालल्या आहेत का?

युरोपातल्या अनेक देशांच्या लाल याद्यांत, म्हणजे धोक्यात आलेल्या जीवांच्या याद्यांत, या गटातल्या जाती आहेत, आणि नेदरलँड्समध्ये तर त्यांची फार पडझड झाली. मोठं कारण हवेतून येणारं नत्र. शेतातला आणि गोठ्यांतला अमोनिया, गाड्यांचा धूर, हे पावसाबरोबर जंगलात उतरतं. हिडनेलमला आवडते ती गरीब, निकस माती, कारण तिथेच झाडाला तिची गरज भासते. नत्र आयतं मिळायला लागलं की झाड बुरशीला साखर देताना हात आखडतं. खताने काही मरतं, हे शेती करणाऱ्या वाचकांना पटायला जड जाईल, पण इथे तसं होतं.

जुने पाइन तोडणं, जमीन नांगरणं हेही आहेच. स्कॉटलंडमधल्या जुन्या पाइनवनांत त्या अजून टिकून आहेत. तिथे रस्त्यांच्या खोदलेल्या कडांवर, जिथे वरचा सुपीक थर खरवडला गेला आहे, अशा ठिकाणीही त्या दिसतात.

प्रश्न : मी लोकर रंगवते. हिडनेलमपासून निळा रंग मिळतो, हे खरं का?

खरं आहे. पेकायपासून नुसताच रंग काढला तर फिकट पिवळट-तपकिरी येतो. तुरटी किंवा लोहाचं रंगबंधक वापरलं की निळ्या-हिरव्या छटा येतात. या गणातल्या बुरशांत थेलेफोरिक आम्ल नावाचं रंगद्रव्य असतं आणि अल्कली लागली की ते निळं-हिरवं होतं. लाल थेंबांच्या बुरशीतून निळी लोकर निघते, हे मी स्वतः पाहिलं तेव्हा पातेल्यात दोनदा डोकावले होते. जिथे ही बुरशी दुर्मिळ आहे तिथे मात्र पातेलं चढवू नका.

तुमच्या धंद्यातल्या लोकांची एक हकीकत. स्कँडिनेव्हियातले रंगारी सारकोडॉन इंब्रिकेटस नावाची खवल्यांची दातेरी बुरशी निळ्या रंगासाठी गोळा करत. त्यांची तक्रार अशी, की पाइनखालची बुरशी रंग देते आणि स्प्रूसखालची तीच बुरशी देत नाही. शास्त्राच्या लेखी दोन्ही एकच होत्या. १९९९ साली डीएनए पाहिलं, तर जाती दोन निघाल्या: स्प्रूसखालची इंब्रिकेटस आणि पाइनखालची स्क्वामोसस. त्या दिवशी मी कपाटातली ‘इंब्रिकेटस’ लिहिलेली सगळी पाकिटं बाहेर काढली. सोबत कुठलं झाड होतं, हे त्यांतल्या फक्त चारांवर लिहिलेलं होतं.